कापणीची तारीख

या, असे पुढं सरका. पखवाजाला कणीक लावून व्हायची आहे आणि बुवांचा चहाही अर्धाच झालाय, तेवढ्यात एक गोष्ट सांगून टाकतो. देवादिकांची नाही, आपल्या सावदा-जळगावकडची, कॉम्प्युटरवाल्यांची आहे. हसू नका. सूड काय पुराणातच राहतो? कॉम्प्युटरच्या थंडगार खोलीत चपला बाहेर काढून जावं लागायचं ना, तसा तोही चपला काढून, गुपचूप, आत जाऊन बसतो.

केळीउत्पादकांचा एक विक्री संघ होता. मुख्य कचेरी जळगावात मेहरूणला, शाखा सावद्याला, मुक्ताईनगरला आणि एक धुळ्याला. शेतातून केळी आली की काट्यावर वजन व्हायचं, घडाच्या दांड्यापोटी थोडं वजन कापलं जायचं, त्याला म्हणायचे कट्टी, आणि मग शेतकऱ्याच्या हातात पावती पडायची. ही पावती कॉम्प्युटरवर काढणारा प्रोग्राम दोघांनी मिळून लिहिला. एक अभिमन, एक देवचंद. एका डब्यात जेवणारे मित्र.

त्र्याण्णव साली धुळ्याच्या शाखेत त्या प्रोग्रामचं उद्घाटन झालं. अभिमनची आई ताईबाई खेड्यावरून नवं लुगडं नेसून आली होती. पडद्यावर पहिलं पान उजळलं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून शेजारच्या माणसानं वाचून दाखवलं: "निर्माता, देवचंद." खाली दुसरं नावच नाही.

"तुन्हं नाव कठे शे रे भाऊ?" ताईबाईनं भर सभेत विचारलं.

अभिमन काही बोलणार, तोच देवचंद माइकवरून हसत म्हणाला, "माय, तुमचा अभिमन आमचा उजवा हात आहे. फ्लॉप्या तोच वाहून नेतो ना!"

बठ्ठा मांडव, सगळाच्या सगळा, हसला. लोक हसतात म्हणून ताईबाईही हसली. ते तिचं हसणं अभिमनच्या काळजात काट्यासारखं मोडून बसलं. कीर्तनाला तोही बसायचा, टाळ धरायचा, क्षमेवरचं निरूपण ऐकून मान डोलवायचा आणि मनात म्हणायचा, बुवा, तुमचं खरं, पण आधी देवचंदाची मान एकदा खाली गेलेली पाहू द्या.

तीन वर्षं त्यानं वाट पाहिली. मग ती वेळ चालून आली.

प्रोग्राममध्ये काही बदललं की तो पुन्हा कंपाइल करावा लागायचा, म्हणजे माणसानं लिहिलेलं मशीनला कळेल असं करून घ्यायचं. आणि प्रत्येक शाखेची कट्टी वेगळी, छपाईयंत्र वेगळं, म्हणून हे काम शाखेत जाऊनच करायचं. अभिमननं त्यासाठी बॅच फाइल लिहिली होती. एक शब्द टाइप करा, ती पहिल्यापासून शेवटपर्यंत बठ्ठं पुन्हा कंपाइल करून जागच्या जागी बसवायची. देवचंदानं पुण्याहून 'मेक' नावाचं साधन शिकून आणलं. ते हुशार. फायलींच्या तारखा पाहायचं, आणि जी फाइल तयार प्रोग्रामपेक्षा ताजी असेल तेवढीच पुन्हा कंपाइल करायचं. घरात पीठ असताना पुन्हा दळण कशाला, असा त्याचा हिशेब.

संघाचे व्यवस्थापक जीवरामनाना म्हणाले, "एका गाडीला दोन धुरकरी नकोत. दोन्ही रीती समोरासमोर पाहू. जी चांगली ती चारी ठिकाणी. आणि ज्याची रीत, त्याच्या हाती सगळा प्रोग्राम."

मेहरूणच्या कचेरीत पहिली परीक्षा झाली. देवचंदाचं मेक चहाला उकळी फुटायच्या आत मोकळं झालं. अभिमनची बॅच फाइल चालूच. चहा पिऊन झाला, कप विसळून झाले, तरी पडद्यावर ओळी सरकतच होत्या.

"नाना, अभिमनची बॅच म्हणजे तेराव्याचं जेवण," देवचंद म्हणाला. "गाव जेवल्याशिवाय पंगत उठत नाही!"

लोक पुन्हा हसले. अभिमनही हसला. "खरं आहे नाना," तो म्हणाला, "पण कचेरीतली परीक्षा ही घरातली कुस्ती. शाखेत घ्या. सावद्याला. दुपारून घ्या, म्हणजे काम जोरात असतं."

नानांना ते पटलं. देवचंदानं मान उडवली. तो शाखेत कधी जातच नसे, एसटीत त्याला मळमळायचं.

सावद्याला दुपारून काय होतं, हे अभिमनला ठाऊक होतं. तिथं कॉम्प्युटरवर सुनंदाबाई बसायची. तिला सगळे अक्का म्हणत. टायपिंगच्या परीक्षा देऊन लागलेली, त्या बाजारात मशीनसमोर बसणारी पहिली बाई. फ्लॉप्या घेऊन अभिमन आला की ती स्वतःच्या डब्यातली भाकरी त्याच्यापुढं करायची. "उपाशी नका बसू भाऊ, उपाशी माणसाचा प्रोग्राम चुकतो."

आता केळीची रीत अशी, की घड कापला त्या दिवशीचा भाव. संध्याकाळी कापलेला माल दुसऱ्या दिवशी दुपारी काट्यावर आला तरी पावतीवर तारीख कापणीचीच हवी, नाही तर शेतकरी भांडायला उठतो. पण प्रोग्राम तारीख घ्यायचा ती मशीनच्या घड्याळातली. अक्कानं एकदा अभिमनला अडचण सांगितली होती. त्यानं भाकरी खाता खाता तोड काढून दिली. "अक्का, मशीनची तारीखच एक दिवस मागं करा. पावत्या काढा, मग पुढं करा. काही बिघडत नाही."

त्याच्या बॅच फाइलचं खरंच काही बिघडत नव्हतं. ती तारीख पाहतच नव्हती. मेक मात्र तारखेवरच उभं होतं.

ठरल्या दिवशी सकाळी देवचंद सावद्याला आला, नाकाशी लिंबू धरून. त्यानं आपलं मेक बसवलं, एकदा सगळा प्रोग्राम तयार करून घेतला. सगळं चोख. दुपारी काट्यावर ट्रॅक्टर लागले, आदल्या दिवशीची कापणी. अक्कानं रोजच्यासारखी तारीख मागं केली आणि पावत्या काढायला लागली. अभिमन दारात उभा राहून पाहत होता. एक शब्द पुरला असता. तो पान लावत बसला.

एवढ्यात नाना आले. आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं, "संचालकांनी कट्टी कमी केलीय. अक्का, नवा आकडा घाला. देवचंद, चालवा तुमचं यंत्र."

अक्कानं फाइल उघडून नवा आकडा घातला. मशीनच्या लेखी तो कालच लिहिला गेला. देवचंदानं ऐटीत मेक चालवलं. मेकनं तारखा पाहिल्या. तयार प्रोग्राम आजचा, आकडा कालचा, मग करायचं काय? सगळं ताजं आहे, असं सांगून ते मोकळं झालं.

"बघा नाना, चुटकीसरशी!"

पहिली पावती उखर्डू नावाच्या शेतकऱ्याच्या हातात पडली. त्यानं ती उन्हात धरून वाचली आणि ओरडला, "ओ नाना! कट्टी त जुनीच हाये! तोंडानं कमी केली अन् मशीननं कापून घेतली का?"

गर्दी दारात लोटली. देवचंदानं पुन्हा चालवलं. पुन्हा तेच. थंड खोलीत त्याच्या कपाळावर घाम आला. तिसऱ्यांदा चालवताना त्याची बोटं चुकली.

"सरका जरा," अभिमन म्हणाला. त्यानं आपली बॅच फाइल चालवली. चहा झाला, पान झालं, कोणी घाई केली नाही. मग पावती निघाली. कट्टी नवी.

"तेराव्याचं जेवण उशिरा उठतं देवचंदभाऊ," अभिमन सावकाश म्हणाला, "पण उपाशी कोणी राहत नाही."

आता हसं व्हायची पाळी देवचंदावर होती. त्याची मान खाली गेली. अगदी अभिमननं तीन वर्षं मनात काढलेल्या चित्रासारखी. काय सांगू, अंगावर गुलाल पडल्यासारखं वाटलं त्याला.

पण देवचंद काही मूर्ख नव्हता. खाली गेलेल्या मानेनंच त्याची नजर पडद्याच्या कोपऱ्यावर गेली. "नाना, मशीनची तारीख कालची आहे! कोणी केली ही?"

"मीच," अक्का म्हणाली. "कापणीची तारीख घालायला रोजच करते."

नाना भडकले. "मशीनच्या घड्याळाला हात लावायला तुम्हाला सांगितलं कोणी?"

अक्कानं अभिमनकडं पाहिलं. तक्रार नव्हती त्या नजरेत, खात्री होती, हा आता सांगेल म्हणून. अभिमनलाही ते दिसलं. पण त्यानं सांगितलं असतं तर नानांना कळलं असतं की याला आधीपासून ठाऊक होतं, सावदा यानं मुद्दाम मागून घेतलं. देवचंदाची मान वर आली असती. आणि ती मान अजून घटकाभर खाली पाहायची त्याला भूक होती.

"घड्याळाला हात लावू नका," अभिमन म्हणाला, "हे तर मी सगळ्या शाखांना सांगत आलोय."

अक्कानं पदर सावरला, मशीनची तारीख आजची केली, खुर्ची मागं सरकवली आणि बाहेर येऊन चपला घातल्या. देवचंदानं एकदा तिच्याकडं, एकदा अभिमनकडं पाहिलं. त्याला काय उमगायचं ते उमगलं असावं, पण त्याच्या त्या घडीच्या बोलण्याला किंमत कोण देणार?

अक्काला खळ्यावर पाठवलं, ट्रकमध्ये केळीखाली घालायचा पाला मोजायला. उन्हाळ्यापर्यंत तिनं ते केलं, मग काम सोडून ती रावेरकडं भावाच्या घरी गेली. घड्याळ चुकलं तरी चालते ती रीत बरी, असं म्हणून नानांनी चारी ठिकाणी अभिमनची बॅच फाइल बसवली आणि पहिल्या पानावर त्याचं नाव आलं. शेतकऱ्यांच्या भांडणाला कंटाळून सावद्याच्या नव्या पोरानं महिन्याभरातच तारीख मागं करायला सुरुवात केली. कोणी काही म्हटलं नाही. बॅच फाइलला चालतच होतं.

देवचंद धुळ्याला गेला, स्वतःचं दुकान काढलं, आणि चांगलं चाललं. पुढं एका लग्नात दोघं समोरासमोर आले. अभिमन तयारीतच होता, पण देवचंद सरळ जवळ येऊन बसला.

"मी आता प्रोग्रामलाच कापणीची तारीख वेगळी विचारायला लावलीय," तो म्हणाला. "घड्याळाला हात लावायची गरजच नाही. चार ओळींचं काम होतं रे. त्या बाईनं अडचण सांगितली तेव्हाच तू केलं असतंस तर?"

अभिमनच्या पानावरची जिलेबी तशीच राहिली. ज्याच्यावर सूड घ्यायचा तो समोर धडधाकट, वर आणि शहाणा होऊन बसलेला. आणि जिनं भाकरी घातली, ती कुठल्या भावाच्या ओसरीवर बसली होती, देव जाणे. त्यानं रावेरकडं जायचं पुष्कळदा ठरवलं. एसटी स्टँडपर्यंत एकदा गेलाही. गेला तसाच परत आला.

झाली गोष्ट. पखवाज लागला वाटतं, बुवा उठले. आता गजर सुरू होईल. एवढंच करा, टाळ्या वाजवताना अभिमन-देवचंदाचं राहू द्या, त्यांचे ते बघून घेतील. सावद्याच्या सुनंदाबाईचं नाव तेवढं एकदा मनात घ्या.