आवळीखालची पंगत

सुहासिनीबाईंनी सकाळी सातला जाहीर केलं, की आपण काही तलावावर येत नाही. आणि आठ वाजता त्या रिक्षात बसलेल्या होत्या. चाळीस वर्षांच्या संसारात नीळकंठरावांनी बायकोवर मिळवलेला हा पहिलाच विजय असेल. तोही भांडून नाही हो! तिच्या चपला गुपचूप दाराशी नेऊन ठेवल्या आणि रिक्षावाल्याला फाटकात उभं केलं, एवढंच. आपल्यासाठी कुणी दारात खोळंबून राहिलेलं सुहासिनीबाईंना बघवत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

अमडापूर रोडवरच्या तलावाकाठी छोटंसं उद्यान आहे. तिथं त्या दिवशी मुलांचा निसर्गमेळा होता. सुहासिनीबाईंची सून निवेदिता शाळेत शिकवते. दिवाळीची सुट्टी संपता संपता तिच्या डोक्यात आलं, की मुलांना मोबाइलमधून उठवावं आणि आईबाप, आजीआजोबा सगळ्यांनाच तलावावर न्यावं. पक्षी मोजायचे, झाडं ओळखायची, पानांचे ठसे घ्यायचे आणि दुपारी तिथल्या मोठ्या आवळीखाली जेवायचं. कार्तिक चालूच होता, तेव्हा आवळीभोजनही आपसूक होणार. बेत झकास होता. सुहासिनीबाई बिचकल्या त्या पंगत हा शब्द ऐकून.

त्याला कारण होतं. फाल्गुनात त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, बोलणं सावरलं, पण उजवा हात मात्र खांद्यापासून लोंबता राहिला तो राहिलाच. मग जेवायचं कसं? डाव्या हातानं. घरात कुणी चकार शब्द काढला नाही. पण श्रावणात शेजारच्या बारशाला गेल्या, पानावर बसल्या, पहिला घास उचलला, आणि पलीकडची एक बाई म्हणाली, "अगं बाई, डाव्या हातानं!" बिचारीच्या मनात काही नसेलही. पण सगळी पंगत वळून बघायला लागली. सुहासिनीबाईंनी घास खाली ठेवला आणि उठल्या. त्या दिवसापासून त्या सगळ्यांच्या मागून, स्वयंपाकघराचं दार लोटून, भिंतीकडे तोंड करून जेवत. कुणी भरवायला आलं तर डोळ्यांत पाणी यायचं, आणि मग तोही घास घशाखाली उतरत नसे.

"पोट बरं नाही म्हणेन आणि बाकावर बसून राहीन," रिक्षात त्या म्हणाल्या.

"बरं," नीळकंठराव म्हणाले. मग जरा घसा खाकरून, "अक्का येणार आहे. जानेफळहून पहिल्या गाडीनं निघाली."

"वन्सं? आणि हे आत्ता सांगताय तुम्ही?"

"आधी सांगितलं असतं तर तू आली असतीस?"

रेवतीवन्सं म्हणजे नीळकंठरावांच्या थोरल्या बहीण. नवरा भिक्षुकी करणारा, त्यामुळे सोवळंओवळं कडक. त्यांच्या घरी मांजरसुद्धा पाय धुऊन आत येतं, असं नातेवाईक म्हणत. सुहासिनीबाई नव्या नवरी होत्या तेव्हा पोळी लाटायला, रांगोळी काढायला, अगदी समईची वात वळायला वन्संनीच शिकवलं, आणि शिकवताना एकदाही "छान" म्हणाल्या नाहीत. त्यांच्यासमोर डावा हात तोंडाकडे न्यायचा? त्यापेक्षा उपाशी राहिलेलं बरं, असं सुहासिनीबाईंनी मनाशी ठरवलं.

तलाव काठोकाठ भरला होता. ऊन कोवळं, वारा अंगाला गार लागणारा, पलीकडच्या रानात तूर पिवळ्या फुलांवर आलेली. नीळकंठराव आयुष्यभर कचेरीत कारकुनी केलेले, त्यांना यादी करायला कुणी सांगायचाच अवकाश. दुर्बीण गळ्यात अडकवून ते बदकं मोजायला लागले. एकच बदक त्यांनी तीनदा मांडलं आणि नातीनं, मयुरीनं, दोनदा खोडलं.

"आजोबा, ते बुडी मारून तिकडे निघतंय! तेच आहे ते!"

"बुडी मारायच्या आधी सांगावं की मग त्यानं," आजोबा म्हणाले.

सुहासिनीबाईंना हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं.

मग मयुरी आजीलाच ओढत घेऊन गेली. झाडाच्या सालीवर कागद धरायचा, वरून खडू आडवा घासायचा, की सालीची नक्षी कागदावर उमटते. पण कागद धरायला एक हात आणि घासायला एक, आणि मयुरीच्या दुसऱ्या हातात तर पानांची पिशवी. ती आठ वर्षांची पोर, तिनं इकडे तिकडे पाहिलं, आजीचा उजवा हात सरळ उचलला आणि कागदासकट खोडावर दाबून ठेवला. मनगटाला आपलं कोपर टेकवलं आणि घासायला लागली.

"हलवू नको हं आजी."

"हलवायला येतोय कुठे, सोन्या!"

"तेच तर बरंय. आईचा हात सारखा हलतो."

सालीची खरबरीत नक्षी हळूहळू कागदावर निघाली. सुहासिनीबाई आपल्या त्या हाताकडे बघत राहिल्या. गेल्या आठ महिन्यांत त्या हातानं कुणाचं काही काम केलेलं त्यांना आठवत नव्हतं. पोरीचे किती लाड करू असं त्यांना होऊन गेलं, पण ती केव्हाच पुढच्या झाडाकडे पळाली होती.

बारा वाजले. बायकांनी आवळीला सूत गुंडाळलं, हळदकुंकू वाहिलं, दिवा लावला. वन्संनी स्वतः नैवेद्य दाखवला. त्या आल्यापासून सुहासिनीबाई त्यांच्या नजरेला नजर देत नव्हत्या. नमस्कार तेवढा केला आणि बाकावर जाऊन बसल्या. उद्यानाची झाडलोट बघणाऱ्या शालूबाईनं घरी लावलेल्या पळसाच्या पत्रावळी आणल्या होत्या, त्या सतरंज्यांपुढे मांडता मांडता ती थांबली.

"माय, तुम्ही काऊन तिकडं बसल्या? या नं पंगतीत."

"पोट बरं नाही गं माझं."

"आवळीखाली दोन घास खा लागते माय. थोडुसं तरी घ्या."

सुहासिनीबाई मान हलवत राहिल्या. तेवढ्यात वन्संचा आवाज आला. मोठा नव्हता, पण त्या आवाजाला नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती.

"सुहासिनी, ऊठ. इथं माझ्याशेजारी बस."

झालं! त्या उठून गेल्या आणि वन्संनी बोट दाखवलं तिथं बसल्या. उजवा हात मांडीवर, पदराखाली. निवेदिताची मैत्रीण सारिका वाढायला आली, तर वन्संनी तिच्या हातातलं वाढायचं ताट काढून घेतलं. "हे पान मी वाढते. तू पुढचं बघ."

आता वन्संचं वाढणं म्हणजे काय, हे त्या घरात सगळ्यांना माहीत. मीठ मधोमध वर, त्याच्या डावीकडे लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर. उजवीकडे भाजी. लग्नानंतरच्या पहिल्या सणाला सुहासिनीबाईंनी चुकून कोशिंबीर उजवीकडे वाढली होती, तर वन्संनी भरल्या पंगतीत ते पान उचलायला लावलं होतं.

सुहासिनीबाई खाली मान घालून बसल्या होत्या. पत्रावळीवर मीठ पडलं. मग आवळ्याचं लोणचं पडलं. उजवीकडे. चटणी, उजवीकडे. मुळ्याची कोशिंबीर, तीही उजवीकडे. आणि गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी वन्संनी अगदी डाव्या हाताशी वाढली. दोन पुऱ्या, वरणभात, वर तूप.

सारिका बघत होती. तिला राहवलं नाही. "आत्या, पान उलटं झालं वाटतं."

आजूबाजूच्या चारपाच माना वळल्या. सुहासिनीबाईंच्या कानशिलांत रक्त चढलं. श्रावणातलं बारसं पुन्हा उभं राहिलं.

"उलटं कशानं?" वन्सं म्हणाल्या. "भाजी जेवत्या हाताशी असावी, सारखी लागते म्हणून. चटणी लांब असावी, बोटभरच घ्यायची म्हणून. म्हणून ती रीत. हिचा जेवता हात आता हा आहे. मग भाजी इकडे. यात न समजण्यासारखं काय आहे?"

सारिका लाजून "हो आत्या" म्हणाली. मयुरीनं आपल्या पानावरची भाजी कुठे आहे ते एकदा बघून घेतलं. बाकीच्यांनी माना वळवल्या आणि जेवायला लागले. पलीकडे नीळकंठराव पुरीचा तुकडा हातात धरून नुसतेच बसले होते.

"जेव," वन्सं हळूच म्हणाल्या. "नीळूनं फोनवर सांगितलं मला. तीन महिने भिंतीकडे तोंड करून जेवलीस? वेडी आहेस का तू? मला सांगायचं नाही?"

"तुम्हाला काय वाटेल, या भीतीनंच तर..."

"मला काय वाटायचंय? पोळी लाटायला शिकवलं तुला, उपाशी राहायला नव्हतं शिकवलं."

सुहासिनीबाईंनी डावा हात पानावर नेला. भाजी खरंच हाताशी होती. घास सहज उचलला गेला. पहिल्या दोन घासांची चव त्यांना कळलीच नाही. ही बाई, जिला चाळीस वर्षं भिऊन राहिलो, तिनं स्वतःची रीत आपल्यासाठी अशी वळवून दिली. कुठल्या शब्दांत हिचे आभार मानावेत? नवऱ्यानं फोन केला, सुनेनं पंगत मांडली, नातीनं हात कामाला लावला. किती माणसं आपल्यामागे उभी होती, आणि आपण भिंत बघत बसलो! त्यांनी डोळे पदराला पुसले आणि मग मात्र खरंच जेवायला लागल्या. गंगाफळाची भाजी छान झाली होती. जरा तिखट, शेवटी गुळाची गोडी. बघता बघता संपली.

पंगत रंगात आली होती. कुणी भात मागत होतं, कुणी नको नको म्हणत पानावर हात धरत होतं. सुहासिनीबाईंनी मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली.

"भाजी आणा गं इकडे!"

वन्सं भाजीचं पातेलं घेऊन स्वतः उठल्या.