टेलिफोनची सातवी चाचणी

सोमवार, १४ मार्च. दुपारी ३ वाजून ४० मिनिटे. आमच्या भागातली वीज गेली, तेव्हा माझ्या भाच्याच्या कार्यालयाकडे एकोणीस इमारतींमधल्या सव्वीस लिफ्टची देखभाल होती. लिफ्ट अडकली की इमारतीचा वॉचमन भिंतीवर रंगवलेला आमचा नंबर फिरवी. दुसरा नंबर त्याला ठाऊक नसे.

हा नंबर कोणत्या यंत्रणेवर चालवावा, हे ठरवण्याचे काम भाच्याने माझ्यावर सोपवले होते. मी तांत्रिक महाविद्यालयात शिकलेला, म्हणून. जुनी तारेची यंत्रणा नुसती वाजे. नवी इंटरनेटवरची यंत्रणा कॉलची नोंद ठेवी, रांग लावी, कोणी उचलले नाही तर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या आमच्या मेस्त्रींच्या मोबाइलवर कॉल वळवी.

"मामा, तो जुना डबा भंगारात जाऊ द्या," भाचा म्हणाला. "त्याची खरखर ऐकून गिऱ्हाइकाला वाटतं, लिफ्टमध्ये आम्हीच अडकलोय."

फोन घेणाऱ्या ताई मात्र म्हणाल्या, "काका, एक जुनी लाइन असू दे ना कोपऱ्यात. तुमचं काय खाते ती?"

"दोन यंत्रणा म्हणजे दोन बिघाड," मी म्हणालो.

विश्वासार्हतेसाठी मी आठ चाचण्या घेतल्या. सातवी वीज जाण्याची. नव्या यंत्रणेच्या डब्याचा प्लग मी स्वतः काढला. बॅटरीवर तो चार तास दहा मिनिटे चालला आणि बाहेरून केलेला प्रत्येक कॉल वाजला. मी शेऱ्यात 'उत्तीर्ण' लिहिले आणि जुनी लाइन तोडण्याच्या अर्जावर सही केली.

त्या सोमवारी डब्यावरचा हिरवा दिवा व्यवस्थित जळत होता. एरवी वीज गेली की दहा मिनिटांत तीन-चार फोन येत.

"आज कोणीच अडकलं नाही वाटतं," ताई म्हणाल्या.

"नव्या डब्याचा पायगुण!" भाचा हसला. मलाही बरे वाटले.

पाच वाजून पाच मिनिटांनी एक वॉचमन धापा टाकत दारात आला. "मेलात का सगळे? तेवीस वेळा फोन लावला, लागतच नाही! आत एका बाईंना दम लागलाय!"

मेस्त्री अवजारे घेऊन धावले. मी आमच्याच इमारतीच्या जिन्याखाली गेलो. इंटरनेटची तार कार्यालयात शिरण्याआधी तिथल्या एका लहान पेटीतून येत होती. ती पेटी इमारतीच्या विजेवर चाले. आता ती विझलेली होती; कॉल आमच्या डब्यापर्यंत पोहोचतच नव्हता, मग मेस्त्रींच्या मोबाइलवर तरी कुठून वळणार. चाचणीच्या दिवशी मी फक्त आमचा प्लग काढला होता. इमारतीचे मुख्य बटण खाली ओढायला एक मिनिटही लागले नसते.

भाचा मागे येऊन उभा राहिला. "मामा, हे तुम्ही तपासलं होतंत ना?"

"नाही."

मेस्त्रींनी लिफ्टचे दार उघडले तेव्हा साडेपाच वाजले होते. आत तीन माणसे होती. जिवंत बाहेर आली दोन.