दारातले बूट

"नळ सोड. पूर्ण सोड!" सिंकखालच्या कपाटात डोकं घालून त्र्यंबकराव ओरडले.

सुवर्णाने नळ सोडला. घराच्या मालकीणबाई एलेन दाराशी उभ्या राहून हा प्रकार बघत होत्या. घर विकत घ्यायला आलेला गृहस्थ बूट दारात काढून, नुसत्या मोज्यांवर, त्यांच्या स्वयंपाकघरात पालथा पडला होता. त्यांना गंमत वाटत होती. सुवर्णाला मात्र आता हसूही येईनासं झालं होतं.

त्र्यंबकरावांनी उभा जन्म सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काढला. दुसऱ्यांनी केलेल्या कामात चुका शोधायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. रिटायर झाल्यावर नोकरी सुटली, खोड काही सुटली नाही. पूर्व किनाऱ्याकडच्या पार्सिपनी गावातलं मोठं घर विकून दोघांनी मोटरहोम घेतलं. समुद्राकाठी छोटंसं घर शोधायचं आणि मिळेपर्यंत गाडीतच राहायचं, असा बेत. वसंतात निघाले ते कॅलिफोर्नियाचा किनारा संपवून ऑरेगनमध्ये शिरले, उन्हाळाही सरत आला, आणि घराचा पत्ता नव्हता. कुठे जिनाच उभा, कुठे छपराच्या पन्हळी उंचावर, कुठे हॉस्पिटल फार लांब. सांता क्लाराहून मुलाचा, अक्षतचा फोन यायचा, "डॅड, जस्ट पिक वन!" त्यावर डॅड म्हणायचे, "बघतोय रे, बघतोय."

सुरुवातीला सुवर्णालाही मजा वाटली होती, खोटं कशाला बोला. सकाळी दार उघडलं की समुद्र, आणि नवरा कायम हाताच्या अंतरावर. पण तुळशीची कुंडी बाथरूममध्ये, आंघोळीच्या वेळी तिची रवानगी ड्रायव्हरच्या सीटवर. देव मसाल्याच्या खणात. फोडणी टाकली की स्मोक अलार्म बोंबलायचा आणि त्र्यंबकराव टॉवेल घेऊन त्याला वारा घालायचे. थंडीच्या आत तिला स्वतःचं दार हवं होतं. देवांना एक कोनाडा आणि कुंडीला एक पायरी, एवढंच तिचं मागणं होतं.

आणि ते सगळं या घरात होतं. एकच मजला, सिंकवरच्या खिडकीतून दिसणारा समुद्र, दिवाणखान्यात पूर्वेच्या भिंतीला कोनाडा. तिने त्यावरून हातसुद्धा फिरवला.

त्र्यंबकराव कपड्यांवरची धूळ झटकत उठले. "नको हे."

"आता काय झालं?"

"घर गरम ठेवायला लाकडाची शेगडी आहे. लाकडं कोण फोडणार?"

"तुम्ही फोडाल."

त्र्यंबकराव मागच्या दाराने बाहेर पडले आणि मोजे खिशात कोंबून वाळूत चालायला लागले. सुवर्णाने एलेनबाईंची माफी मागितली, खाली न बघताच चपला पायात सरकवल्या आणि गाडीत येऊन चहा टाकला. थोड्या वेळाने ते किनाऱ्याच्या बाजूने परस्परच आले. गाडीत बूट घालायचे नाहीत असा सुवर्णाचा दंडक होता, त्यामुळे पाय पुसून सपाता चढवल्या आणि गाडी सुरू केली. कपांतला चहा तसाच निवून गेला.

बऱ्याच अंतरावर पेट्रोल भरायला थांबले तेव्हा ते पायरीपाशी चाचपडू लागले. "अगं, माझे बूट कुठायत?"

सुवर्णा बघतच राहिली. मग तिला असं हसू फुटलं की डोळ्यांत पाणी आलं. "पुढच्या दारात काढलेत आणि मागच्या दाराने निघून आलात! स्वतःच्या घरासारखे!"

"जाऊ दे, नवीन घेऊ. एवढं धूड कुठे परत वळवायचं?"

"वळवा," ती म्हणाली. हसणं थांबलं होतं. "आणि वाटेत मला खरं काय ते सांगा."

गाडी वळली. डाव्या हाताचा समुद्र उजवीकडे आला. त्र्यंबकराव समोर बघत बोलू लागले.

"टेस्टिंगमध्ये काय असतं, सगळं नीट चालू असताना कोणीही पास करेल. एक पार्ट बंद पडला, तर बाकीचं चालतं का ते बघायचं असतं. तर मी प्रत्येक घरात तेच बघतो. मला वगळून. जिना तुला एकटीला झेपेल का, पन्हळी कोण साफ करेल, रात्री तुझ्या छातीत दुखलं तर तू गाडी चालवत कुठे जाशील. प्रत्येक घर फेल होतं गं. मी काय करू?"

 एवढे महिने सुवर्णा ज्याला खुसपटं समजत होती, त्यातलं एकही त्यांचं स्वतःसाठी नव्हतं. तिला रागही आला आणि या माणसाला जवळ घ्यावंसंही वाटलं. गाडी चालू होती म्हणून तिने नुसता त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आणि मी आधी गेले तर? ते टेस्ट केलंत?"

त्र्यंबकरावांनी चमकून पाहिलं. "भलतंच काय बोलतेस?"

"कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत तुम्हाला. कसले टेस्टर!"

शेवटी ते घर आलं.

एलेनबाईंनी दार उघडलं. त्र्यंबकरावांचे बूट आत, दाराजवळच्या बुटक्या फळीवर, नीट जोडून ठेवले होते. शेजारी मोठे रबरी बूट होते.

"माझ्या नवऱ्याचे. हॅरॉल्डचे," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "जाऊन तीन वर्षं होतील. तुमचे बाहेर भिजतील म्हणून आत घेतले. मग वाटलं, बरे दिसतायत तिथे."

त्र्यंबकरावांनी त्या दोन जोडांकडे पाहिलं. "लाकडं कोण फोडतं?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या थंडीत शेजाऱ्याने फोडून दिली. मग शिकले. वेडीवाकडी फुटतात, पण जळतात. आता बहीण बोलावतेय, म्हणून जातेय. हे घर मला जड झालं म्हणून नाही."

त्र्यंबकरावांनी आपले बूट उचलले. घालण्यासाठी वाकले आणि तसेच थांबले. मग होते तिथेच ते परत ठेवून दिले आणि सुवर्णाला म्हणाले, "तो कोनाडा दाखव बघू. आणि कुकर कुठे ठेवशील, तेही. मला कळायला हवं."

सुवर्णाने चपला काढल्या. फळीवर जागा नव्हती. ती त्या हातात घेऊन अवघडून उभी राहिली, तेव्हा एलेनबाईंनी वाकून हॅरॉल्डचे बूट उचलले, उराशी धरले आणि बाजूला सरकून उभ्या राहिल्या.