टीव्हीतले गुरुजी

"गुरुजी, हात जरा वर घ्या. मधी पाट येऊन राहिलाय," खांद्यावरचा कॅमेरा सावरत भारत म्हणाला.

मार्तंडने हात वीतभर वर घेतला, तळवा थोडा बाहेर वळवला आणि मगच अक्षता टाकल्या. असं केलं की उजेड बोटांवर पडतो, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. मांडवातल्या बायका कौतुकाने हसल्या.

"बघा, किती सवय हाय!" नवरदेवाची आई कौशल्याबाई शेजारणीला म्हणाली. "आमी अटच घातली होती. पत्रिका जुळो न जुळो, लग्न टीव्हीतल्या गुरुजींनी लावायचं."

नवरी नीलांबरी मार्तंडची सख्खी भाची, गंगूताईची मुलगी. हट्ट्याला घरापुढेच मांडव घातला होता. वैशाखाचं ऊन कापडातून गाळून आत येत होतं, आणि भाड्याने आणलेल्या जनरेटरचा आवाज मंत्रांच्याही वर चढत होता. मांडवाच्या कडेला, भिंतीशी ठेवलेल्या खुर्चीत मार्तंडचे वडील बसले होते. अण्णा गावचे जोशी. दिवाळीत त्यांची उजवी बाजू गेली, वाचाही जवळपास गेली. तेव्हापासून गावातल्या पूजा अडून होत्या, कुणी वसमतहून माणूस आणत होतं, कुणी वाट पाहत होतं.

मार्तंडच्या परत येण्याची वाट पाहत होतं, असं गंगूताई म्हणायची. त्याने तिला अजून काही सांगितलं नव्हतं. पण लग्नापुरता येणारा माणूस पांघरुणं आणि स्टोव्ह घेऊन येत नाही, एवढं तिलाही कळत होतं.

मुंबईत तो नट व्हायला गेला होता. हट्ट्याच्या गणपतीत त्याने राजे केले होते, खलनायक केले होते. मुंबईत पहिलं काम मिळालं ते योगायोगाने. एका मालिकेत लग्नाचा प्रसंग होता आणि भटजी करणारा नट आलाच नाही. गर्दीत उभ्या असलेल्या मार्तंडच्या गळ्यात जानवं दिसलं. मंत्र येतात का, विचारलं. येत होते. त्या दिवसापासून तो भटजीच झाला. मालिका बदलल्या, घराणी बदलली, सासवा बदलल्या. तो मात्र लग्नं लावत राहिला, बारशी करत राहिला, तेराव्याला बसत राहिला. कामाच्या कागदावर त्याचं नाव नसायचं, नुसतं 'पंडित' असायचं. पुष्कळदा चेहराही यायचा नाही. अग्नीत तूप सोडणारा हात यायचा. एकदा त्याला शाळामास्तराची भूमिका मिळाली, चांगली मोठी वाक्यं होती. त्याने ती आठवडाभर घोकली. शेवटी तो भागच दाखवला गेला नाही.

त्या पहिल्याच चित्रीकरणात आई करणारी एक वयस्क नटी त्याला बाजूला घेऊन म्हणाली होती, "पंडितजी, मंतर पूरे मत पढ़ना. बच्चों का ब्याह सच में हो जाएगा." सेटवर सगळेच हे पाळत. नवरानवरीचं काम करणाऱ्यांची घरं वेगळी, संसार वेगळे. मार्तंडला ते पटलं. तेव्हापासून तो सप्तपदीला तांदळाच्या सहाच राशी मांडायचा आणि सहाव्या मंत्रावर थांबायचा. सहावा मंत्र म्हणताना आवाज जरा चढवायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला शेवट झाल्यासारखं वाटायचं. त्या मुलामुलींवर आपण उपकार करतो आहोत असं त्याला वाटे. सेटवर जपावं असं त्याच्यापाशी दुसरं काही नव्हतं.

अलीकडे कामं येईनाशी झाली होती. नव्या मालिकांना भटजीसुद्धा देखणा लागत होता.

आठवड्यापूर्वी आल्या आल्या त्याने अण्णांच्या खाटेशी बसून विचारलं होतं, "मी इथंच राहिलो तर चालंल का?" अण्णांना टीव्ही आवडत नसे. खोट्या लग्नात खरे मंत्र कशाला, असं ते एकदाच म्हणाले होते, पण ते मार्तंडच्या डोक्यातून गेलं नव्हतं. तरी त्यांनी डाव्या हाताने उशाकडचं पंचांग त्याच्याकडे सरकवलं. नीलांबरीचं लग्न त्याने लावावं, गावाने ते पाहावं, मग पुढचं आपोआप होईल. दोघांनाही हे बोलून दाखवावं लागलं नाही.

एरवी सप्तपदीच्या वेळी मांडव रिकामा होतो. लोक पंगत धरायला पळतात. आज कुणी हललं नाही. शौनकने, नवरदेवाने, नीलांबरीचा हात धरला. ती एकेका राशीवर उजवं पाऊल ठेवत गेली. मार्तंडचा आवाज खणखणीत लागला होता. "ऋतुभ्यः षट्पदी भव," तो म्हणाला, आवाज चढला, आणि बायकांनी अक्षता उधळल्या. जनरेटरवाल्यासकट सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"टीव्हीत असतं अगदी तस्संच!" कौशल्याबाईंनी डोळे पुसले.

गर्दीतून वाट काढत नामाजी आला. त्याने माळावर नवं घर बांधलं होतं. "महाराज, आमची वास्तुशांत आता तुमच्याच हातानं बरं का. म्हातारी म्हणली, दुसरा माणूसच नगं. आन् पुढच्या साली पोरीचं लगीन बी तुमीच लावायचं."

"लावू की," मार्तंड म्हणाला. मुंबईत इतक्या वर्षांत कुणी त्याला पुढच्या वर्षाचं काही सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात गंगूताईचा आवाज आला. "अण्णा, पाणी पाहिजे का? हे घ्या ना. काहून ढकलून राहिलात?"

अण्णांनी पेला उलथवला होता. घशातून घरघर येत होती आणि डावा हात जमिनीकडे वळत होता. मार्तंडने तिकडे पाहिलं. हिरव्या पत्रावळीवर तुडवलेल्या राशी होत्या. पुढे काहीच नव्हतं.

राशी त्यानेच मांडल्या होत्या, सकाळी, स्वतःच्या हाताने, गुणगुणत.

मांडवात कुणालाच काही कळलं नव्हतं. नवरी आत पाणी प्यायला निघाली होती. भारत कॅमेरा पुसत होता. कळलं होतं ते एकट्या अण्णांना, आणि त्यांना ते सांगता येणार नव्हतं. मार्तंडने एवढा सगळा हिशेब केला आणि मग तो म्हणाला, "नीलू, थांब. एक पाऊल राहिलंय."

"राहिलंय म्हणजे?" कौशल्याबाई हसतच म्हणाल्या. "गुरुजी मजाक करून राहिले."

"मजाक न्हाई. माझी चूक झाली. सहाच झाली."

हसू हळूहळू विरत गेलं. नवरदेवाचा काका पुढे आला. "आवो, सात असतात हे लहान लेकराला ठाऊक हाय. तुमी काय करून राहिला होतात इतकी वर्सं?"

"सहा," मार्तंड म्हणाला.

कुणाला ते उत्तर वाटलं नाही. काका मान झटकून मागे झाला.

मार्तंडने परातीतून मूठभर तांदूळ घेतले आणि सातवी रास घातली. नीलांबरी पुढ्यात येऊन उभी राहिली. शौनकने पुन्हा तिचा हात धरला. मार्तंडने तोंड उघडलं. मंत्र त्याला माहीत होता. मुंजीनंतर अण्णांनी तो त्याच्याकडून अंगणात म्हणवून घेतला होता. पण सहाव्यानंतर थांबायची जिभेला अशी सवय लागली होती की ती टाळूला टेकली आणि तिथेच राहिली. त्याने पुन्हा सहावा म्हणून पाहिला, त्या ओघात सातवा येईल म्हणून. सहाव्यापाशी आवाज आपसूक चढला आणि थांबला. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

मग भिंतीकडून आवाज आला. वाकड्या तोंडातून, लाळेतून, एकेक अक्षर ओढत अण्णा सातवा मंत्र म्हणत होते. सखा म्हणताना सुरुवातीचा स उमटलाच नाही. तरी त्यांनी तो शेवटपर्यंत नेला. नीलांबरीने पाऊल टाकलं.

"आता हे धरायचं का आमी?" कौशल्याबाईंनी विचारलं. त्या रागावल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या. "एक शब्द तरी कळला का कुणाला?"

"अण्णांनी लावलेलं लग्न मोडलं असं या गावात अजून झालं न्हाई," गंगूताई म्हणाली. "चला, पानं वाढलीत."

लोक जेवले. वऱ्हाड ऊन उतरायच्या आत निघालं. कौशल्याबाई जाताना अण्णांच्या पाया पडल्या, मार्तंडला त्यांनी लांबूनच हात जोडले.

संध्याकाळी नामाजी आला. ओट्यावर टेकला, विडीचं बंडल काढलं, परत खिशात ठेवलं.

"महाराज, तुमाला उगं तकलीफ नगं. वास्तुशांतीला वसमतचाच माणूस सांगितला. म्हातारीनं धसका घेतला बगा. म्हणती, घरात ऱ्हायचं हाय आपल्याला."

"बराबर हाय तिचं," मार्तंड म्हणाला.

"तुमी खरं बोलला, हे मोठं केलं. दुसरा बोलला नसता." नामाजी उठला. "पर म्हातारीला कोन सांगनार?"

तो गेल्यावर गंगूताई म्हणाली, "राहा की चार महिने. विसरतील लोक."

"विसरतील. पण मला बोलावणार न्हाईत."

अण्णा डोळे मिटून पडले होते. मार्तंडने त्यांचं पांघरूण नीट केलं, हनुवटीवरची लाळ पुसली. झोपले होते की नाही, हे त्याला कळलं नाही.

मुंबईला परतताना सकाळच्या परभणी गाडीत त्याला मागची जागा मिळाली. बाकाखाली कुणाची तरी हळदीची पोती होती. पुढच्या बाकावरून एक बाई पुन्हापुन्हा वळून बघत होती. शेवटी तिने विचारलंच.

"तुमी टीव्हीत लगनं लावता, तेच ना?"

"हो."

"म्हणलं व्हय का न्हाई!" ती उठली, मांडीवरचं लेकरू तिने खाली उभं केलं. "पाया पड गं, बाई. मोठं महाराज हायेत."

मार्तंडने पाय झटकन मागे ओढले. टाचा पोत्याला जाऊन लागल्या. पोरगी गाडीच्या हिसक्यांत तोल सावरत खाली वाकली. पाय याहून मागे घ्यायला जागा नव्हती.