नकलेत नसलेलं वाक्य

मालक सकाळी दहाला दारात उभे राहिले तेव्हाच तिने ओळखलं, काहीतरी बिनसलंय. नाटक कंपनीचा मालक, पहिला खेळ दुपारी तीनला, आणि हा माणूस स्वतः चालत घरी येतो म्हणजे काही शुभवर्तमान घेऊन येत नाही. त्यांनी खिशातून घडी घातलेलं एक पान काढलं आणि तिच्या नवऱ्याच्या हातात दिलं. नाटक तिने लिहिलेलं, पण पान नवऱ्याच्या हातात.

"शेवट बदललाय," मालक म्हणाले. "मास्तर, तुम्ही सुज्ञ आहात. बायको नवऱ्याला न विचारता मुलीला शाळेत घालते, इथवर लोक चालवून घेतील. पण शेवटी ती खुर्चीत बसून 'आधी माझी चूक सांगा, मग क्षमा मागते' म्हणते? पुढच्या रांगेतले लोक उठून जातील हो."

नवरा शाळेत गणित शिकवायचा. त्याने पान वाचलं, मान डोलावली आणि बायकोपुढे धरलं. "चारच ओळी आहेत. घे, उतरवून टाक."

उतरवायचं काम तिचंच होतं. कंपनीत अख्ख्या नाटकाची वही फक्त प्रॉम्प्टरजवळ असायची. बाकी प्रत्येक नटाला त्याची नक्कल मिळायची, म्हणजे त्याची स्वतःची वाक्यं आणि त्याआधी समोरच्याचे शेवटचे दोन-तीन शब्द. ते शब्द कानावर पडले की तोंड उघडायचं, एवढंच नटाला ठाऊक. तिचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून स्वतःच्या नाटकाच्या नकला तीच करत होती. जाहिरातीवर तिचं नाव नव्हतं. घरंदाज बाईचं नाव भिंतीवर चिकटवायचं नाही, ही नवऱ्याची अट होती.

मालकांच्या पानावर असं होतं. नायक विचारतो, 'तुला काही म्हणायचं आहे?' नायिका पतीकडे पाहते, त्याच्या पायांशी बसते आणि म्हणते, 'माझं चुकलं. मला क्षमा करा.' नायक म्हणतो, 'ऊठ. मी तुला क्षमा केली आहे.' पडदा.

बाराच्या आत या शेवटाच्या नव्या नकला हव्या होत्या. ती माजघरात लिहायला बसली. आधी नायकाची नक्कल केली, ती सुरळीत झाली. नायिकेची घेतली आणि सासूबाईंनी हाक मारली. चष्मा सापडत नव्हता. चष्मा कपाळावर होता. ती परत येऊन दौतीत टाक बुडवते तोच दूध उतू गेलं. "लक्ष कुठे असतं ग तुझं?" "चुकलं, आई." पुन्हा बसली, पुन्हा उठली, सासूबाईंना नाटकाला जायला ठेवणीतली शाल हवी होती आणि कपाटाची किल्ली हिच्या कमरेला. दोन वर्षं पहाटे उठून लिहिलेलं नाटक, आणि त्याचा गळा आपल्याच हाताने दाबायचा, तोही शाल शोधता शोधता! रागाने तिचे डोळे भरून आले. पावणेबाराला मालकांचा माणूस आला आणि मालकांचं पान प्रॉम्प्टरसाठी, नकला नटांसाठी घेऊन गेला. शाई पुरती वाळलीही नव्हती.

नाट्यगृहात ती वर गॅलरीत, बायकांच्या बाकांवर सासूबाईंशेजारी बसली. नवरा खाली, पुढच्या रांगेत. पहिला अंक रंगला. दुसऱ्यात बायका डोळ्यांना पदर लावू लागल्या. नायिकेचं काम करणारा नट पंचेचाळिशीचा गृहस्थ होता. वीस वर्षं बायकांची कामं करून तो इतका मुरला होता की कंपनीत त्याला सगळे राणीसाहेबच म्हणत. तो रंगमंचावर नुसता पदर सावरायचा आणि लोक गप्प व्हायचे.

दुसऱ्या अंकाचा पडदा पडला आणि तिला एकदम सकाळचा कागद आठवला. नायिकेच्या नकलेत 'पतीकडे पाहते' लिहिल्याचं तिला स्वच्छ आठवत होतं. खाली 'पडदा' लिहून रेघ मारली तेही आठवत होतं. मधलं पायांशी बसणं आणि क्षमेचं वाक्य आठवत नव्हतं. लिहिलं होतं की शालीपायी राहून गेलं?

"आलेच," म्हणून ती उठली आणि मागच्या दाराशी गेली. तिथे पहारेकरी स्टूल टाकून बसला होता.

"बायकांना आत सोडत नाहीत."

"मला एक कागद फक्त बघायचाय. हे नाटक मी लिहिलंय."

"असं होय?" पहारेकरी म्हणाला. "आणि हे नाट्यगृह मी बांधलंय."

ती परत फिरली. जागेवर बसवेना, उभं राहवेना. वाक्य राहिलं असेल तर राणीसाहेब ऐन शेवटाला गप्प राहणार, नायक खोळंबणार, नाटकाचा बट्ट्याबोळ. आणि पुन्हा कोणी हिचं नाटक हातात धरणार नाही. वाक्य लिहिलं असेल तर तिची नायिका तिच्या डोळ्यांदेखत पायांशी बसणार. इकडे आड, तिकडे विहीर. देवापाशी काय मागावं हेच तिला कळेना.

"चुळबुळ किती करशील? नीट बस," सासूबाई म्हणाल्या.

तिसरा अंक संपत आला. नायक पुढे झाला. "तुला काही म्हणायचं आहे?"

राणीसाहेबांनी नायकाकडे पाहिलं आणि ते पाहतच राहिले.

विंगेतून प्रॉम्प्टर कुजबुजला, "माझं चुकलं." तिसऱ्या रांगेला ऐकू गेलं. तो पुन्हा कुजबुजला, आता गॅलरीला ऐकू गेलं. राणीसाहेबांची नजर हलली नाही. नायक बिचारा अर्धा हात पुढे करून उभा. त्याच्या कपाळावरचा रंग ओघळू लागला. त्याच्यापाशी एकच वाक्य उरलं होतं, ते त्याने घाईघाईने म्हणून टाकलं.

"ऊठ! मी तुला क्षमा केली आहे."

उभ्या असलेल्या, काहीही न मागितलेल्या बाईला!

पहिलं हसू बायकांच्या बाकांवर फुटलं. मग दुसरं, मग सगळा बाक हलायला लागला. सासूबाई शालीत तोंड खुपसून हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पुढच्या रांगेतले दहाबारा जण ताडकन उठले आणि चालू लागले. घाईघाईने पडदा पडला.

नवरा तिला दंडाला धरून मागे घेऊन गेला. सासूबाई पाठोपाठ आल्या. या खेपेला पहारेकऱ्याने निमूट वाट दिली.

मालक लालबुंद झाले होते. "माझ्या पडद्याचं असं हसं कधी झालं नव्हतं! कोणाची चूक ही?"

राणीसाहेबांनी केसांचा टोप काढून मांडीवर ठेवला. "माझ्या कागदावर नव्हतं, मालक. कागदावर नाही ते मी बोलत नाही."

"घरच्या धबडग्यात राहून गेलं हो तिच्याकडून," नवरा घाईने म्हणाला. "उद्याच्या खेळाला नीट होईल." मग बायकोकडे वळून हळूच, "म्हण ना, चुकलं म्हणून. एका वाक्याने मिटतंय सगळं."

सगळे तिच्याकडे बघत थांबले. वाक्य तिच्या ओठांवर तयार होतं. दुधासाठी ते म्हणून झालं होतं, दिवसातून दहादा ती ते म्हणायची, त्याला काही कष्ट पडत नव्हते.

"राहून गेलं नाही," ती म्हणाली. "मी लिहिलं नाही. उद्याही लिहिणार नाही."

"मग उद्या हे नाटकही होणार नाही," मालक म्हणाले. "आपली वही घरी घेऊन जा, बाई."

नवऱ्याने कपाळावर हात मारला. प्रॉम्प्टर वही छातीशी धरून एकदा मालकांकडे, एकदा मास्तरांकडे बघत राहिला. तिने हात पुढे केला होता.

"द्या की तिची वही," दारातून सासूबाई म्हणाल्या. "वाट कसली बघताय?"

रस्त्यात नवरा फणफणत पंचवीस पावलं पुढे निघून गेला. दोघी मागून चालत होत्या. नाटक गेलं होतं. दोन वर्षं गेली होती, आणि घरी गेल्यावर काय वाढून ठेवलंय ते तिला दिसत होतं. तरी पाय भरभर पडत होते, सासूबाईंना धाप लागली.

"ए, हळू," त्या म्हणाल्या. "खरं सांग. ते वाक्य तू मुद्दामच गाळलंस ना?"

तिला खोटं बोलवेना. "आठवत नाही, आई. खरंच आठवत नाही."

सासूबाईंनी तिच्या हातातली वही काढून घेतली आणि आपल्या शालीखाली धरली.

"मग आता आठवूही नकोस," त्या म्हणाल्या.