भिंतीवरच्या नऊ पायऱ्या

जुन्नरच्या बाजारपेठेत, बियाण्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर माझा संगणक वर्ग आहे. बारा संगणक, दोन पंखे आणि एक भिंत. पंखे चालले तर चालतात, संगणकांचंही तसंच. खरा वर्ग चालवते ती भिंत. अकरा वर्षांपूर्वी गोकुळ पेंटरकडून मी तिच्यावर निळ्या ऑइलपेंटमध्ये नऊ पायऱ्या लिहून घेतल्या. आत येणारा पाहुणा आधी ती भिंत बघतो, मग मला नमस्कार करतो.

आमचे संगणक म्हातारे, त्यामुळे त्यांच्यावर लिनक्स चालतं. लिनक्स फुकट मिळतं. जगभरातली माणसं आपापल्या घरी बसून ते तयार करतात, आणि फुकट असल्यामुळे त्याला नावं ठेवायला कोणाचीच हरकत नसते. त्यात पॅकेज मॅनेजर नावाची एक खिडकी असते. किराणा दुकानदारच समजा. हवं ते सॉफ्टवेअर फळीवरून काढून देतो, नको असलेलं परत घेतो. दर नव्या तुकडीच्या पहिल्या आठवड्यात मी बाराही संगणकांवरचं मराठी टायपिंग काढून ठेवतो आणि विद्यार्थ्यांकडून पुन्हा बसवून घेतो. ते कसं बसवायचं, हेच त्या नऊ पायऱ्यांत आहे. पायरी चौथी, वरून चौथी ओळ. पायरी पाचवी, त्या ओळीचं उजवीकडचं बटण. पायरी सहावी, पासवर्ड. पायरी सातवी, काय विचारेल त्याला हो.

या पायऱ्या आम्ही पाढ्यांसारख्या एका सुरात म्हणतो. एक पायरी म्हणायची, एक बटण दाबायचं. कोणी मध्येच संगणकात डोकं घातलं की मी छडी भिंतीवर आपटून ओरडतो, "पडद्याकडे काय बघता? भिंतीकडे बघा!" अकरा वर्षांत एकही विद्यार्थी चुकला नाही. याचा मला अभिमान होता, आणि तो मी लपवतही नव्हतो.

गेल्या वर्षी त्या खिडकीचं रूप बदललं. आता एक गोष्ट मला उशिरा कळली ती तुम्हाला आधीच सांगून टाकतो. हे नवं रूप प्रांजल नावाच्या एका मुलीने केलं होतं. ही खिडकी सांभाळणाऱ्या परदेशी कंपनीसाठी सहा महिन्यांच्या उमेदवारीवर ती डिंभ्याला घरी बसून काम करत होती. लोकांच्या प्रतिक्रिया बघून त्या आठवड्यात शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता निकाल लागायचा होता. नवं रूप राहिलं तर तिची नोकरी कायम, जुनं परत आणलं तर तिचं काम आणि नोकरी दोन्ही गेली. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मला फक्त माझी भिंत ठाऊक होती.

रविवारी मी सगळे संगणक अद्ययावत केले आणि घरी जाऊन झोपलो. सोमवारी वर्ग भरला. नेहमीप्रमाणे पाढा सुरू झाला. पहिल्या रांगेत घाटघरची मोहिनी होती. तिला ग्रामपंचायतीत ऑपरेटर व्हायचं होतं आणि त्यासाठी ती रोज पहाटेची एसटी पकडून खाली यायची. बारा जणांनी चौथी ओळ धरली, उजवीकडचं बटण दाबलं, पासवर्ड घातला. पडद्यावर एक भली मोठी लाल चौकट आली. बारा जणांनी भिंतीकडे बघत "काय विचारेल त्याला हो" म्हटलं आणि हो दाबलं. नववी पायरी होती, संगणक बंद करून पुन्हा चालू करा. तीही केली.

बारा पडदे काळे. कोपऱ्यात एक पांढरी रेघ तेवढी लुकलुकत होती.

"सर," मोहिनी म्हणाली, "धाव्वी पायरी कुठाय?"

झालं होतं ते असं. नव्या रूपात संगणकावर आधीच असलेल्या गोष्टींची यादी वर आली होती. तिच्यातली चौथी ओळ होती पडद्यावरचं सगळं दाखवणारं सॉफ्टवेअर, आणि उजवीकडचं बटण होतं काढून टाकायचं. बाराही जणांनी अत्यंत शिस्तीने आपापल्या संगणकाचे डोळे काढले होते.

माझं डोकं फिरलं. लिनक्सवाल्यांचं एक चर्चापान आहे, मोबाइलवरून तिथे गेलो. बघतो तर काय, तिथे आधीच जत्रा भरलेली. एकाने बटणांचे कोपरे गोल का केले यावर अकरा पानं लिहिली होती. दुसरा म्हणत होता, मी ही खिडकी जन्मात उघडलेली नाही, सगळं काम हुकूम टाइप करून करतो, पण ती बदलली हे कळल्यापासून माझं जेवणावर मन नाही. एकाने लिनक्स कायमचं सोडायची धमकी दिली होती. त्याच्याच खाली कोणीतरी त्याच्या दहा वर्षांपूर्वीच्या तशाच धमकीची आठवण करून दिली होती. जुना करडा रंग हाच खरा करडा होता, असं तिघांचं मत होतं. मला त्या माणसांबद्दल एकदम जिव्हाळा वाटला. सातासमुद्रापलीकडे आपले सोयरे आहेत आणि आपण उगाच जुन्नरात एकटे पडलोय, असं झालं.

मी बारा काळ्या पडद्यांचा फोटो काढला. मागे भिंतही छान आली. खाली माझ्या इंग्रजीत लिहिलं की अकरा वर्षांचं शैक्षणिक कार्य या नव्या रूपाने सात मिनिटांत धुळीला मिळवलं आहे, आणि ज्याने हे केलं त्याने आयुष्यात कधी खऱ्या विद्यार्थ्याचं तोंड पाहिलेलं नसावं. संध्याकाळपर्यंत चारशे जणांनी त्याला अंगठा दिला. कोपरेवाला आणि करडेवाले मागे पडले, मी पुढे. लोकांनी 'जुन्नरच्या शिक्षकाचा पुरावा' म्हणून तो फोटो जागोजागी चिकटवला. मी बायकोला जेवताना तो मजकूर दोनदा वाचून दाखवला.

बुधवारी दुपारी वर्गाच्या दारात एक मुलगी उभी राहिली. डिंभ्याहून घोडेगाव, तिथून जुन्नर, अशा दोन एसट्या करून आली होती. चेहरा धुळीने भरलेला, पाठीवर लॅपटॉपची पिशवी.

"सर, वळखलं का? प्रांजल. मच्छिंद्र मेंढरवाल्याची."

ओळखलं. मच्छिंद्रचं घराणं पूर्वी मेंढ्या घेऊन कोकणात उतरायचं. आता ते शेती करतात, दहा-पंधरा मेंढ्या तेवढ्या सवयीने राखल्यात. ही पोरगी आठ वर्षांपूर्वी माझ्या वर्गात होती. तिसऱ्या रांगेत बसायची, आणि रोज माझं बोलणं खायची, कारण ती सारखी पडद्याकडे बघायची.

"अगं ये ये! काय करतेस सध्या?"

"तुमी फोटो टाकलाय न्हवं, ती खिडकी मी केलीय," ती म्हणाली. "भिंतीवरनं वळखलं, वर्ग आपलाच हाय म्हनून."

मी खुर्ची पुढे सरकवली, पंखा लावला, खालून चहा मागवला. एवढं सगळं करूनही वेळ उरला, तेव्हा तिच्याकडे बघावं लागलं. तिने शुक्रवारचं सगळं सांगितलं. रडली नाही. रडली असती तर मला बरं पडलं असतं, समजूत काढता आली असती.

मग तिने एक संगणक दुरुस्त केला आणि सोमवारचा सगळा प्रकार पुन्हा करायला लावला. लाल चौकट आली. तिने मोहिनीला विचारलं, "ताई, काय लिवलंय ह्यात?"

मोहिनी पडद्यावर वाकली आणि तिने मोठ्याने वाचलं, "हे काढलं तर पडद्यावर काहीही दिसणार नाही. तरीही काढायचं का?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, हे तर मराठीत हाय की वो!"

"आठ वर्सं झाली, मराठीतच हाय," प्रांजल म्हणाली.

मी म्हटलं, "अगं पण एवढी धोक्याची गोष्ट, तर 'हो'चं बटण तरी दुसरीकडे ठेवायचं!"

ती त्या बटणावर बोट ठेवून म्हणाली, "ठेवनारच व्हते सर. बाकीचे पन तेच सांगत व्हते. पन मला आपला वर्ग आठवला. म्हनलं, सरांची सातवी पायरी चुकायला नको. सगळी खिडकी बदलली, तेवढं एक बटन तुमच्यासाटी जुन्या जागी ठेवलं."

मला कुठे तोंड लपवावं कळेना. पोरीने सगळ्या जगाशी भांडून माझ्यासाठी एक बटण राखलं होतं, आणि नेमकं त्याच बटणाने मी तिचा गळा धरला होता. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी वर्गात शंभरदा वापरली असेन. ती कोणासाठी आहे ते त्या दिवशी कळलं.

"सर, तुमचं ते लिवनं सगळ्यांनी धरून ठेवलंय," जाताना ती म्हणाली. "तुमीच एकदा लिवा, पोरांनी वाचलं न्हवतं म्हनून. शुक्रवारी पाचच्या आत. मग मी काय ते बघते."

"आत्ता लिहितो," मी म्हणालो, आणि मनापासून म्हणालो.

पश्चात्ताप झालेल्या माणसाला काहीतरी अंगमेहनतीचं करावंसं वाटतं. मी आधी गोकुळ पेंटरला फोन करून ती भिंत पुसून टाकायला सांगितलं. तो सोमवारी येतो म्हणाला. हे पुण्यकर्म उरकल्यावर मला इतकं हलकं वाटलं की लिहायचं काम गुरुवारवर गेलं.

गुरुवारी लिहायला बसलो. पहिलं वाक्य जमलं, 'माझ्या विद्यार्थ्यांकडून एक चूक झाली.' मोहिनी शेजारच्या संगणकावर होती. "सर," ती म्हणाली, "आमी तर तुमी म्हनलं तेच केलं." खोडलं. मग लिहिलं, 'भिंतीवरच्या सूचनांमुळे काही गैरसमज झाला.' हे मला फार आवडलं, कारण भिंत उलट बोलत नाही. ते वाक्य मी शुक्रवारी दुपारपर्यंत घासूनपुसून लख्ख केलं. त्यात 'काही' ठेवावं की 'थोडासा', याचा विचार करण्यात एक तास गेला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, माझा तर सुंभही नीट जळला नव्हता.

शेवटी मोहिनीच म्हणाली, "सर, साडेचार वाजलं. त्या ताईंनी पाचच्या आत म्हनलं व्हतं."

मग मी खरं लिहिलं. मी लिहिलं की माझ्या वर्गात पडदा वाचायला मनाई आहे आणि ती मनाई मी केली आहे. चौकटीत इशारा माझ्या मातृभाषेत होता. बारा जणांनी तो वाचला नाही, कारण अकरा वर्षं मी त्यांना न वाचता हो म्हणायला शिकवलं. इंग्रजीत 'मनाई'ला काय म्हणतात ते आठवेना, शब्दकोश काढला. पाठवायचं बटण दाबलं तेव्हा पाच वाजून आठ मिनिटं झाली होती. चर्चा बंद झाली आहे, असं तिथे आलं. नवं रूप मागे घेतल्याचं वर जाहीर केलेलं होतं, आणि कारणांमध्ये पहिला माझा फोटो होता.

मी प्रांजलला फोन केला. तिने आठ मिनिटांचं ऐकून घेतलं. "ऱ्हाऊ द्या सर," म्हणाली. मागे मेंढ्या ओरडत होत्या. मला फार वाईट वाटलं. पण माझ्या वाईट वाटण्याचा तिला उपयोग काय?

सोमवारी जुनी खिडकी परत आली. बाकीचे अकरा संगणक तोवर मी प्रांजलचं बघून दुरुस्त केले होते. भिंत पुन्हा बरोबर झाली. चौथी ओळ चौथ्या जागी, उजवीकडे तेच बटण. खालचा बियाणंवाला मुद्दाम वर येऊन म्हणाला, "जिंकलात राव तुमी! फॉरेनवाल्यांना वाकवलं!" गोकुळ चुन्याची बादली घेऊन आला होता. आता बरोबर असलेली भिंत पुसायची तरी कशाला, असं माझ्या मनात आलंच. मी त्याला खाली चहाला पाठवलं आणि पाढा सुरू केला.

अकरा आवाज आले. मोहिनी बोलत नव्हती. ती पडद्यात डोकं घालून बसली होती. माझी छडी सवयीने वर गेली.

"सर," मान वर न करता ती म्हणाली, "हितं कोपऱ्यात 'माहिती' म्हनून हाय, ते दाबलं. मराठी अनुवाद, प्रांजल मच्छिंद्र, बाळासाहेब सरांचा संगणक वर्ग, जुन्नर. ह्या त्याच का वो, परवा आल्या व्हत्या त्या?"

मी जाऊन बघितलं. खाली तारीख होती, आठ वर्षांपूर्वीची. म्हणजे तिसऱ्या रांगेत बसून मी ज्यासाठी तिच्यावर रोज ओरडत होतो, ते हे होतं. ती त्या पडद्यावरचा शब्द न् शब्द मराठीत आणत होती, आम्हाला वाचता यावा म्हणून. आणि त्याखाली तिने माझं नाव घातलं होतं. आठ वर्षं ते तिथे होतं, आणि मी भिंतीकडे बघत होतो.

"हो," मी म्हणालो. "त्याच."

मग खिडकीतून खाली हाक मारली, "गोकुळ, बादली घेऊन वर ये."

वर्ग त्या दिवशी फार हळू चालला. एकेक ओळ वाचत, अडखळत, दोघांनी भलतंच काहीतरी बसवलं. संध्याकाळी भिंत पांढरी झाली. मी तिचा फोटो काढून प्रांजलला पाठवला. 

दहा मिनिटांनी उत्तर आलं, "सर, ऑइलपेंट चुन्याने झाकला जात नाही. सातव्या पायरीतला 'हो' अजून दिसतोय. आणखी एक हात मारा."