बारदानासकट पाचशे चाळीस

मित्रांनो, मी जुना तराजू आहे हे वेगळं सांगायला नको. माझ्या डाव्या पारड्याखाली मेणाचा डाग आहे, एका साखळीची कडी तारेने बांधलेली आहे आणि मधला काटा सरळ उभा राहायला हल्ली जरा वेळ घेतो. सांगलीच्या एका सरकारी दवाखान्यात औषधांच्या कपाटावर मी पडून असतो. शेजारी एक बंद पडलेला टेबलफॅन आहे. तो काही बोलत नाही, म्हणून तुमच्याशी बोलतो. हळूहळू बोलेन, कारण मी दमलो आहे.

माझी दांडी साताऱ्याच्या एका लोहाराने घडवली आणि पितळी पारडी एका तांबटाने ठोकली. शेर-छटाक जाऊन किलो-ग्रॅम आले, त्या सुमाराची गोष्ट. सांगलीच्या पेठेत काष्ठौषधींचं एक दुकान होतं. तिथल्या मालकांनी मला आणलं आणि पुढे त्यांच्या मुलाने, गोपाळकृष्णांनी, मला सांभाळलं. त्यांना सगळे अण्णा म्हणत. सुंठ, हिरडा, ज्येष्ठमध, वावडिंग असं काय काय मी तोललं. दरवर्षी वजनमापांचे निरीक्षक येऊन मला तपासून शिक्का मारून जात. दसऱ्याला मला चिंच लावून घासत आणि झेंडूची माळ घालत. अण्णांच्या काट्याबद्दल बोलायचं काम नाही, असं गिऱ्हाईक म्हणायचं, आणि मला ते खरं वाटायचं.

आता आमच्या पेठेची एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच झालं. आमच्या आजूबाजूला हळदीची गोदामं होती. तिथे पोतं काट्यावर चढलं की तोलणारा दिसेल तो आकडा मोठ्याने पुकारतो, पोत्यासकट. रिकाम्या पोत्याचं वजन, ज्याला बारदान म्हणतात, ते वजा करायचं काम लिहिणाऱ्या दिवाणजीचं. तोलणाऱ्याने ते करायचं नसतं, नाहीतर दोनदा वजा होईल. अण्णा याच पेठेत लहानाचे मोठे झाले होते. ही रीत त्यांच्या जिभेलाच बसली होती.

पंच्याऐंशी साली अंमली पदार्थांचा नवा कायदा आला. गांजा सापडला की गुन्हा, आणि तो किती सापडला यावर शिक्षा. अर्ध्या किलोच्या आत असेल आणि स्वतः ओढण्यासाठीच होता असं ठरलं, तर शिक्षा कमी. कोर्टाला वाटलं तर तुरुंगाऐवजी उपचारालाही पाठवता येई. अर्ध्या किलोच्या वर गेलं की तो माणूस गांजा विकणारा धरला जाई आणि वर्षानुवर्षं आत जाई. म्हणजे माणसाचं काय करायचं ते काटा ठरवणार. छाप्याच्या ठिकाणी वजन करायला पोलिसांना काटेवाला लागायचा. ते अण्णांना बोलवू लागले. दुकान अर्धवट उघडं टाकून अण्णा जीपमध्ये बसायचे आणि मी त्यांच्या मांडीवर. किती छापे पाहिले त्याची गणती नाही. पहिल्या छाप्याला मला आपण मोठं देशकार्य करतोय असं वाटलं होतं. दहाव्यापर्यंत ते उतरलं. तीच माणसं, तीच मान खाली घातलेली, आणि पारड्यात तोच वास.

ब्याण्णव साली एका सकाळी जीप आमच्याच पेठेमागे थांबली. गुंडा नावाचा हमाल तिथे एका खोलीत राहायचा. वडूजकडचा कोरडवाहू शेतीतला गडी, हळदीची पोती वाहायला सांगलीला आलेला. संध्याकाळी पाठ धरायची म्हणून चिलीम ओढायला लागला. पुढे पाठ दुखो न दुखो, चिलीम लागायचीच. हे सगळ्या पेठेला माहीत होतं. गावाकडे गेला की महिनोन्महिन्यांचा गांजा एकदम घेऊन यायचा. तो गोणपाटाच्या एका पिशवीत भरून फळीवर ठेवलेला सापडला.

अण्णांनी पिशवी तशीच माझ्या पारड्यात ठेवली. पाऊस झाला होता, रस्त्यावर चिखल होता, दुकानात गिऱ्हाईक ताटकळत होतं. अण्णांना घाई झाली होती.

"पाचशे चाळीस," त्यांनी सवयीने पुकारलं.

छाप्याला आलेल्या पोलीस जमादारांनी लिहिलं, गांजा पाचशे चाळीस ग्रॅम. ते काही हळदीच्या पेठेतले दिवाणजी नव्हते. त्यांनी ऐकलं ते लिहिलं. अण्णांनी सही केली आणि आम्ही परत आलो. मी सारा वेळ त्या पिशवीसकटच झुकलो होतो. पण मला तोंड कुठे आहे?

पंधरा दिवसांनी गुंडाची बायको राहीबाई दुकानात आली. ती गोदामात हळद निवडायला जायची, त्यामुळे तिला बारदान ठाऊक होतं.

"आवं अण्णा, एक इचारू का? त्या पाचशे चाळीसात पिशवी धरली व्हती का?"

अण्णा पुडी बांधत होते. त्यांचा हात थांबला.

"लिहिणाऱ्याने वजा केलीच असेल, बाई."

"केलीच आसंल का केलीय?"

"मी बघतो."

अण्णांनी काही बघितलं नाही. मित्रांनो, ते वाईट नव्हते. आयुष्यभर त्यांनी कुणाला गुंजभर कमी दिलं नाही. पण पोलीस ठाण्यात जाऊन सही केलेल्या कागदाबद्दल विचारायची त्यांना भीती वाटली, आणि आज जाऊ, उद्या जाऊ करता करता दोन वर्षं गेली. त्या कायद्यात जामीन मिळणं कठीण. ती दोन वर्षं गुंडा कोठडीत होता. राहीबाई दर महिन्याला दुकानासमोरून जायची. आत यायची नाही, नुसती बघायची. मला तिच्या नजरेचा त्रास व्हायचा, अण्णांना तर होत असणारच.

चौऱ्याण्णव साली साक्षीचं समन्स आलं. मलाही बरोबर आणायला सांगितलं होतं. कोर्टाच्या व्हरांड्यात जमादारांनी अण्णांना पंचनाम्याची नक्कल वाचायला दिली. अण्णांनी ती दोनदा वाचली. त्यात पिशवीचा शब्दही नव्हता.

"ह्यात बारदान धरलंय," अण्णा म्हणाले.

"ते आता उकरून काढू नका. लिहिलंय तसं बोला. न्हाईतर साक्षीदार फितूर झाला म्हणतील."

अण्णांनी नक्कल घडी करून परत दिली. पण आत गेल्यावर ते बोलले. आमच्या पेठेत तोलणारा बारदानासकट पुकारतो, मी तसंच पुकारलं, वजा करायचं राहिलं, आणि हे मला दोन वर्षांपूर्वी कुणीतरी विचारलंही होतं. सरकारी वकील रागावले. न्यायाधीशांनी जप्त मालाचं सील फोडायला लावलं. गांजा वाळून त्याचा चुरा झाला होता, त्याच्या वजनाला आता अर्थ नव्हता. पण पिशवी तीच होती. ती कोरडी, रिकामी माझ्या पारड्यात ठेवली. नव्वद ग्रॅम.

नव्वद वजा जाता साडेचारशे. अर्ध्या किलोच्या आत. एवढ्याशा गोणपाटाने एका माणसाची दोन वर्षं खाल्ली होती. मला त्या दिवशी आनंद व्हायला हवा होता, पण लाजच जास्त वाटली.

न्यायाधीशांनी गुंडाला बंधपत्रावर सोडून उपचारासाठी या दवाखान्यात पाठवलं. इथे डॉक्टर संयोगिता दर गुरुवारी व्यसनमुक्तीचा बाह्यरुग्ण विभाग चालवत. गुंडाबरोबर राहीबाई होती आणि कोर्टातून मला घेऊन आलेले अण्णाही होते. डॉक्टरांनी कागद चाळले आणि विचारलं, "गांजाचं वजन तीन ठिकाणी लिहिलंय. ह्यांचं वजन कुणी केलंय का?"

कुणीच केलेलं नव्हतं. त्याला मोठ्या काट्यावर उभं केलं. शंभर किलोचं पोतं पाठीवर घेणारा माणूस बेचाळीस किलो भरला. राहीबाई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

दिवसाला किती ओढता, या प्रश्नाला सगळे "थोडीशी" म्हणतात, अशी डॉक्टरांची अडचण होती. ती ऐकून अण्णांनी मला तिथेच ठेवलं. डॉक्टर कडुनिंबाचा वाळका पाला चुरून एका डब्यात ठेवत. माणसाने त्यातून आपल्या रोजच्या ओढण्याइतका पाला माझ्या पारड्यात टाकायचा. डॉक्टर तोलून वहीत लिहीत. बस्स, एवढंच. कुणी रागवायचं नाही, कुणी शाबासकीही द्यायची नाही. पहिल्या गुरुवारी गुंडाने अगदी चिमूटभर टाकला, मग राहीबाईकडे बघितलं आणि मूठभर टाकला. पुढे तो हळूहळू कमी होत गेला. झोप येत नाही, जेवण जात नाही, चिडचिड होते, असं सांगायचा. एकदा दोन गुरुवार आलाच नाही. तिसऱ्या गुरुवारी आला आणि पुन्हा मूठभर टाकला.

"लय झाली आता, ताई," तो खाली बघत म्हणाला.

"खरं सांगितलंत ते बरं केलंत. पुढच्या गुरुवारी या."

एकदा जमादार येऊन वही मागू लागले. कोण कोण ओढतं ते आयतंच कळेल, म्हणाले. डॉक्टरांनी वही टेबलाच्या खणात ठेवली आणि खण बंद केला. "वही दिली तर पुढच्या गुरुवारी इथं मी आणि हा तराजू, दोघंच बसू," त्या म्हणाल्या. जमादारांनी चहा घेतला आणि ते गेले. इतकी वर्षं मी माणसं पकडून देण्यासाठी झुकलो होतो. माणसं आपण होऊन माझ्यासमोर बसतात हे मला नवीन होतं. माझ्या आयुष्यातले ते चांगले दिवस.

सत्त्याण्णव साली डॉक्टरांची कोयनानगरला बदली झाली. त्यांच्या जागी कुणी आलं नाही. गुरुवारचा विभाग बंद झाला, वही बांधून कुठेतरी गेली आणि कंपाउंडर हंबीररावांनी मला कपाटावर ठेवलं. त्याच वर्षी अण्णा गेले. दसरा आला आणि गेला, मला कुणी घासलं नाही.

मागच्या गुरुवारी गुंडा आला. थोडा भरलेला दिसत होता, केस पांढरे झालेले. त्याने खिशातून कागदाची पुडी काढली.

"हंबीरराव, तेवढा काटा खाली काढता का?"

"आरं, ते बंद झालंय गड्या. आता कोण लिवून घेत न्हाई."

"म्हाईत हाय. तरी बी काढा."

हंबीररावांनी कुरकुरत स्टूल घेतलं आणि मला खाली उतरवलं. माझ्यावरची धूळ गुंडाने आपल्या टॉवेलने पुसली. पुडीत कडुनिंबाचा पाला होता. त्याने पुडी तशीच पारड्यात ठेवली, मग थांबला, पुडी उचलली, पाला पारड्यात ओतला आणि कागद घडी करून खिशात ठेवला. दोन चिमटी पाला होता. माझा काटा जेमतेम हलला.

"आठवड्याची हाय ही," तो म्हणाला. "बारदान न्हाई ह्यात."

हंबीररावांनी खिसे चाचपले, वही नव्हती. मग त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर, गुरुवारच्या चौकोनात, पेन्सिलीने आकडा लिहिला.

मित्रांनो, मी आता पुन्हा कपाटावर आहे. माझी कडी बदला, मला घासा, असं मी म्हणणार नाही. ते जमलं तर करा. पण एखाद्या माणसाचं वजन कधी तुम्हाला पुकारावं लागलं, तर त्यात काय काय वजा करायचं राहिलंय ते आधी बघा. आणि येत्या गुरुवारी कुणीतरी मला खाली काढा. तो येईल.